‘गेलो होतो’ म्हणजे ‘हॅड गॉन’ नव्हे : वाचकांचे इंग्रजीविषयी प्रश्न

या वेळची बहुतेक पत्रं टेन्स आणि मोडल्स (कॅन, विल, मस्ट यांसारखी सहायक क्रियापदं) या जोडगोळीबद्दलच आहेत. इंग्रजी वाक्यं सोयीसाठी देवनागरीतच लिहिली आहेत. व्ही-वन, व्ही-टू, व्ही-थ्री म्हणजे शाळेत घोकलेली तीन रूपं : गो, वेंट, गॉन.

प्रश्न : ‘मी काल नांदेडला गेलो होतो’ याचं भाषांतर सातवी-आठवीची मुलं हमखास ‘आय हॅड गॉन टू नांदेड येस्टर्डे’ असं करतात. मी लाल शाईने खोडते, पण ते का चुकलं हे मराठीतून पटवून देता येत नाही. (शिक्षिका, सेनगाव, जि. हिंगोली)

उत्तर : मुलांचा हिशेब सरळ आहे : ‘होतो’ला ‘हॅड’, ‘गेलो’ला ‘गॉन’. म्हणूनच ही चूक इतकी चिवट आहे. पण आपलं ‘होतो’ वेगळ्या कामाला लावलेलं असतं. ‘मी नांदेडला गेलो’ म्हटलं की ऐकणारा पुढे काय झालं म्हणून कान टवकारतो. ‘गेलो होतो’ म्हटलं की गेलो, काम झालं, परत आलो, हे त्याला न सांगता कळतं. इंग्रजीतल्या ‘हॅड’ला जाऊन परत येण्याशी काही देणंघेणं नाही. भूतकाळातल्या दोन गोष्टींपैकी आधीची कोणती, एवढंच ते दाखवतं. दुसरी गोष्ट वाक्यात नाही आणि आसपासही नाही, तर ‘हॅड’ अधांतरी लोंबकळतं. ऐकणारा मनात विचारतो, कशाच्या आधी?

वर्गात ‘तोवर’ची कसोटी लावा. ‘मी स्टँडवर पोचलो तोवर वसमतची बस गेली होती.’ इथे ‘तोवर’ चपखल बसतं, म्हणून ‘व्हेन आय रीच्ड द स्टँड, द बस हॅड लेफ्ट.’ आता ‘मी काल तोवर नांदेडला गेलो होतो’ म्हणून बघा. मुलं स्वतःच हसतील. तिथे साधं ‘आय वेंट टू नांदेड येस्टर्डे’ लिहायचं. ‘आफ्टर’ किंवा ‘बिफोर’ने क्रम उघड झाला असेल तर ‘हॅड’ नसलं तरी चालतं.

याच चुकीची सख्खी बहीण म्हणजे ‘आय हॅव पेड द फी येस्टर्डे’. मराठीत ‘मी काल फी भरली आहे’ हे बिनचूक वाक्य आहे, कारण आपल्या ‘आहे’ला ‘काल’चं वावडं नाही. इंग्रजीतल्या ‘हॅव’ला आहे. ‘येस्टर्डे’, ‘लास्ट वीक’, ‘टू डेज अगो’, ‘इन २०१९’ असा संपलेला काळ वाक्यात आला की ‘हॅव’ काढायचं : ‘आय पेड द फी येस्टर्डे.’ काळ सांगायचा नसेल तर ‘आय हॅव पेड द फी’, म्हणजे भरली आहे, आता मागू नका.

आणि ‘वेरूळला कधी गेला होतात का?’ यात ना ‘हॅड’ येतं ना ‘गॉन’. ‘हॅव यू एव्हर बीन टू वेरूळ?’ असं विचारायचं. ‘ही हॅज गॉन टू वेरूळ’ म्हणजे तो गेलाय, अजून घरी आलेला नाही.

प्रश्न : स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. सिंपल प्रेझेंट कुठे आणि कंटिन्युअस कुठे हे अजून नीट कळत नाही. त्यात आमच्या ‘करायलोय, जायलोय’ बोलण्यावर रूमवरचे पुणेकर हसतात. (छत्रपती संभाजीनगर, मूळ गाव औसा)

उत्तर : हसू द्या. या बाबतीत तुमची बोली त्यांच्या बोलण्यापेक्षा इंग्रजीच्या जास्त जवळ आहे. प्रमाण मराठीत ‘तुम्ही काय करता?’ हा प्रश्न नोकरीबद्दलही असू शकतो आणि या क्षणाबद्दलही. औशात त्याचे सरळ दोन प्रश्न होतात. ‘काय करता तुम्ही?’ म्हणजे ‘व्हॉट डू यू डू?’ आणि ‘काय करायलाव?’ म्हणजे ‘व्हॉट आर यू डुइंग?’ वाक्य आधी घरच्या बोलीत म्हणा. ‘-आयलोय’ निघालं तर ‘अ‍ॅम, इज, आर’ आणि आयएनजी; ‘करतो’ निघालं तर सिंपल प्रेझेंट. ‘माझा भाऊ बँकेत काम करतो’ म्हणजे ‘माय ब्रदर वर्क्स इन अ बँक’. ‘तो आत्ता जेवायलाय’ म्हणजे ‘ही इज ईटिंग’.

ही किल्ली तीन कुलपांना मात्र लागत नाही.

पहिलं कुलूप मनाच्या आणि इंद्रियांच्या क्रियापदांचं. आपण ‘मला समजायलंय’ म्हणतो, इंग्रजीत ‘आय अ‍ॅम अंडरस्टँडिंग’ होत नाही, ‘आय अंडरस्टँड’ होतं. नो, वाँट, नीड, बिलाँग, ओन ही सगळी त्याच पंगतीतली. ‘मला दोन भाऊ आहेत’ म्हणजे ‘आय हॅव टू ब्रदर्स’. ‘आय अ‍ॅम हॅविंग’ नाही. (‘आय अ‍ॅम हॅविंग लंच’ मात्र बरोबर, कारण तिथे ‘हॅव’चा अर्थ जेवणं.) ‘थिंक’ दोन्हीकडे बसतं : ‘आय थिंक’ म्हणजे मला वाटतं, ‘आय अ‍ॅम थिंकिंग’ म्हणजे विचार करायलोय. पाहणं-ऐकणं असेल तर इंग्रजी बहुतेकदा ‘कॅन’ला हाक मारतं. ऑनलाइन मुलाखतीत ‘आवाज यायलाय का?’ याला ‘आर यू हिअरिंग मी?’ म्हणू नका, ‘कॅन यू हिअर मी?’ म्हणा. ‘स्क्रीन दिसायलीय का?’ म्हणजे ‘कॅन यू सी माय स्क्रीन?’

दुसरं कुलूप ‘पासून’चं. ‘दोन वर्षांपासून तयारी करायलोय’ हे ‘आय अ‍ॅम प्रिपेअरिंग सिन्स टू इअर्स’ होत नाही. त्याबद्दल पुढच्या उत्तरात.

तिसरं कुलूप उलट्या बाजूचं, म्हणजे ‘करतो’ येतं पण अर्थ भविष्याचा असतो. ‘उद्या पैसे देतो’ म्हणजे ‘आय गिव्ह’ नव्हे, ‘आय विल गिव्ह’. शब्द देताना, तिथल्या तिथे ठरवताना ‘विल’ लागतं. आणि निरोप घेताना ‘बरं, येतो’ म्हणायचं असेल तर इंग्रजीत कृपया ‘आय अ‍ॅम कमिंग’ म्हणू नका. समोरचा खुर्ची पुढे ओढेल. ‘आय अ‍ॅम लीव्हिंग नाऊ’ पुरे.

प्रश्न : ‘सिन्स’ आणि ‘फॉर’ यांत गल्लत होते. दोन्हींचा अर्थ ‘पासून’च ना? (कृषी पदविकेचा विद्यार्थी, परभणी)

उत्तर : ‘पासून’ एकच, पण त्याच्या आधी काय आहे ते बघा. वेळेचा बिंदू असेल (२०१८, सोमवार, सकाळ, पेरणी) तर ‘सिन्स’. वेळेची लांबी असेल (पाच वर्षं, तीन दिवस, बराच काळ) तर ‘फॉर’. झटपट कसोटी : मराठीत ‘गेली’ किंवा ‘गेले’ घालता आलं तर ‘फॉर’. ‘गेली पाच वर्षं’ जमतं, ‘गेली २०१८’ जमत नाही.

दोन्हींसोबत क्रियापद ‘हॅव बीन’वालं हवं, कारण क्रिया तेव्हा सुरू झाली आणि आजही चालू आहे : ‘वी हॅव बीन ग्रोइंग सोयाबीन फॉर टेन इअर्स.’ राहणं, असणं, ओळखणं अशा स्थितीच्या क्रियापदांना नुसतं ‘हॅव’ आणि व्ही-थ्री : ‘आय हॅव नोन हिम सिन्स २०१८.’

प्रश्न : टेन्स बारा की दोन? क्लासमध्ये बाराचा तक्ता आहे, पण कुठेतरी ‘इंग्रजीत फ्यूचर टेन्सच नाही’ असं वाचलं. (अकरावी, लातूर)

उत्तर : दोन्ही बरोबर, मोजायची रीत वेगळी. मराठीत भविष्यकाळ क्रियापदाच्या अंगातच असतो : जाईन, जाशील, जाईल. इंग्रजी क्रियापद काळासाठी दोनच रूपं घेतं, ‘गो’ आणि ‘वेंट’. भविष्यासाठी त्याला ‘विल’, ‘गोइंग टू’ असं कुणाला तरी सोबत घ्यावं लागतं. म्हणून व्याकरणकार टेन्स दोनच धरतात. बाकी जे आहे ती क्रियेची अवस्था : साधी, चालू, पूर्ण, पूर्ण-चालू. तीन काळ गुणिले चार अवस्था, हा झाला तुझा बाराचा तक्ता.

परीक्षेत तक्ताच चालतो, तो पाठ ठेव. पण बारा खान्यांना सारखा वेळ देऊ नकोस. सिंपल प्रेझेंट, सिंपल पास्ट, प्रेझेंट कंटिन्युअस, प्रेझेंट परफेक्ट आणि ‘विल’, एवढ्यावर रोजचं बहुतेक बोलणं-लिहिणं भागतं. ‘विल हॅव बीन वर्किंग’ हा खाना एकदा समजून घेतला की झालं.

प्रश्न : आम्हाला ‘आय शॅल, वी शॅल’ असं छडी मारून शिकवलं. नातवाच्या पुस्तकात सगळीकडे ‘आय विल’ आहे. (निवृत्त लिपिक, जालना)

उत्तर : तुमचा नियम जुना आणि खानदानी आहे. जॉन वॉलिस या इंग्रज गणितज्ञाने १६५३ साली लॅटिनमधून लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणात तो मांडला, आणि पुढे शाळांनी तो वज्रलेप केला. आजच्या बोलण्यात ‘आय विल’च रूढ आहे. ‘शॅल’ उरलं आहे ते मुख्यतः दोन ठिकाणी. एक, विचारणा : ‘शॅल आय ओपन द विंडो?’ म्हणजे उघडू का? इथे ‘विल आय’ चालत नाही. दुसरं, कायद्याची भाषा. संविधानाच्या अनुच्छेद १४ मध्ये ‘द स्टेट शॅल नॉट डिनाय’ असं आहे; तिथे ‘शॅल’ भविष्य सांगत नाही, बंधन घालतं. भाडेकरारातलं ‘द टेनंट शॅल पे’ हेही तसंच, म्हणजे भाडं भरावंच लागेल.

प्रश्न : ‘ही गोज’ला एस लागतो, मग ‘ही कॅन’ला का नाही? (दहावीची विद्यार्थिनी, उदगीर)

उत्तर : कारण ‘कॅन’ हे फार जुन्या काळी भूतकाळाचं रूप होतं. इंग्रजीच्या पूर्वज भाषेत काही क्रियापदांची भूतकाळाची रूपं वर्तमानासाठी वापरली जाऊ लागली. ‘वेंट’ला जसा तू एस लावत नाहीस, तसा त्यांनाही लागला नाही. कॅन, मे, शॅल, मस्ट ही सगळी त्या घराण्यातली. ‘कॅन’चा मूळ अर्थ जाणणं, येणं असा होता, अगदी आपल्या ‘मला पोहता येतं’सारखा. आणि ‘कुड’मधला न उच्चारला जाणारा एल मुळात नव्हताच, ‘वुड’ आणि ‘शुड’च्या संगतीने तो मागाहून स्पेलिंगमध्ये घुसला.

तुझ्या कामाचा भाग असा : मोडलनंतर क्रियापद नागडं, म्हणजे नुसतं व्ही-वन. ‘ही कॅन स्पीक.’ ‘कॅन स्पीक्स’ नाही, ‘कॅन टू स्पीक’ नाही. ‘डिड’नंतरही तेच, म्हणून ‘डिड नॉट वेंट’ चूक. भूतकाळ ‘डिड’ने एकदा उचलला, दुसऱ्यांदा उचलायचा नाही.

प्रश्न : नर्सिंगला आहे. रुग्णांसाठीच्या सूचना इंग्रजीत लिहिताना ‘पाहिजे’साठी मस्ट, शुड की हॅव टू, हे ठरत नाही. (अंबाजोगाई)

उत्तर : ‘पाहिजे’ हा मराठीतला सर्वात राबवलेला शब्द असावा. ‘पाणी पाहिजे’ म्हणजे ‘वाँट’, ‘व्यायाम केला पाहिजे’ म्हणजे ‘शुड’, ‘आजच ॲडमिट झालं पाहिजे’ म्हणजे ‘मस्ट’. मराठीत वजन आवाजावरून कळतं, कागदावर आवाज नसतो. म्हणून स्वतःला विचारा : नाही केलं तर काय होईल? थोडं नुकसान, तर ‘शुड’. धोका, तर ‘मस्ट’. ‘हॅव टू’ ओळखायला आपलं ‘लागतं’ आहेच. ‘फॉर्म भरावा लागतो’ म्हणजे ‘यू हॅव टू फिल अ फॉर्म’. नियम दवाखान्याचा, सांगणाऱ्याचा नाही. ‘मस्ट’ला स्वतःचा भूतकाळ नाही, म्हणून ‘काल जावं लागलं’ याला ‘हॅड टू गो’च म्हणायचं.

खरा खड्डा नकारात आहे. होकारात ‘मस्ट’ आणि ‘हॅव टू’ शेजारी राहतात, नकार आला की दोघांची तोंडं दोन दिशांना होतात. ‘यू मस्ट नॉट टेक धिस टॅब्लेट ऑन अ‍ॅन एम्प्टी स्टमक’ म्हणजे उपाशीपोटी घ्यायचीच नाही. ‘यू डोंट हॅव टू टेक इट ऑन अ‍ॅन एम्प्टी स्टमक’ म्हणजे उपाशीपोटीच घ्यायला हवी असं नाही, खाऊन घेतली तरी चालेल. पहिल्या सूचनेच्या जागी दुसरी लिहिली तर रुग्ण उपाशीपोटी गोळी घेईल आणि दोष त्याचा नसेल. आपलं ‘यायला नको’ इथेच दगा देतं. ‘उद्या यायला नको’ म्हणजे बंदी की सूट, दोन्ही निघतं. इंग्रजीत लिहिण्याआधी ते मराठीतच फोडा : ‘येऊ नका’ असेल तर ‘मस्ट नॉट’, ‘यायची गरज नाही’ असेल तर ‘डोंट हॅव टू’ किंवा ‘नीड नॉट’.

गोळ्यांच्या पाकिटावर मात्र मोडलची गरजच नाही. ‘टेक आफ्टर फूड’ या तीन शब्दांइतकं स्पष्ट दुसरं काही नाही.

प्रश्न : बारावीला ‘इफ’च्या वाक्यांत दरवर्षी मार्क जातात. विल, वुड, वुड हॅव यांचा काहीतरी कायमचा बंदोबस्त सांगा. (खासगी शिकवणी घेणारे, धाराशिव)

उत्तर : गोंधळ मराठीच्या दोन सवयींतून येतो. पहिली : पुढच्या गोष्टीसाठी आपण ‘तर’च्या आधी भूतकाळाचं रूप वापरतो. ‘पाऊस पडला तर पेरू.’ पाऊस अजून पडलेला नाही, तरी ‘पडला’. मुलगा ते बघून ‘इफ इट रेन्ड, वी विल सो’ लिहितो. इंग्रजीत होऊ शकणाऱ्या गोष्टीला सिंपल प्रेझेंट : ‘इफ इट रेन्स, वी विल सो.’

दुसरी सवय जास्त घातक. ‘पैसे असते तर बोअर घेतला असता.’ हे आजचं रडगाणं आहे की गेल्या वर्षीचं? मराठी वाक्य सांगत नाही. इंग्रजीला सांगावंच लागतं. वाक्यात ‘आत्ता’ घालून बघा. अर्थ तोच राहिला तर ‘इफ आय हॅड मनी, आय वुड ड्रिल अ बोअरवेल’, म्हणजे ‘इफ’कडे व्ही-टू आणि पलीकडे ‘वुड’ व व्ही-वन. ‘गेल्या वर्षी’ घातल्यावर अर्थ जुळला तर ‘इफ आय हॅड हॅड मनी लास्ट इयर, आय वुड हॅव ड्रिल्ड अ बोअरवेल’. यातलं ‘हॅड हॅड’ छापण्याची चूक नाही. एक सहायक, दुसरं ‘हॅव’चं व्ही-थ्री. मुलं एक ‘हॅड’ जास्तीचं समजून खोडतात आणि वाक्य परत आजचं होऊन बसतं.

तिसरा प्रकार पक्का करायला शेतातलंच वाक्य द्या : ऑगस्टमध्ये पाऊस पडला असता तर शेंगा भरल्या असत्या. ‘इफ इट हॅड रेन्ड इन ऑगस्ट, द पॉड्स वुड हॅव फिल्ड.’ सर्वात जास्त येणारी चूक म्हणजे ‘इफ इट वुड हॅव रेन्ड’. कारण मराठीत दोन्हीकडे ‘असता, असत्या’ आहे, मग मुलं इंग्रजीतही दोन्हीकडे सारखंच ठेवतात. फळ्याच्या कोपऱ्यात वर्षभर एकच ओळ राहू द्या : ‘इफ’च्या घरात ‘विल’ला आणि ‘वुड’ला प्रवेश नाही. विनंतीच्या वाक्यात ‘इफ यू वुड सिट हिअर’ असं चालतं, पण ते बारावीनंतर सांगितलं तरी चालेल.

प्रश्न : ‘धावत जाऊन बस पकडू शकलो’ याला ‘आय कुड कॅच द बस’ लिहिलं तर चूक दिली. ‘शकलो’ म्हणजे ‘कुड’च ना? (गेवराई, जि. बीड)

उत्तर : ‘कुड’ म्हणजे अंगात क्षमता होती, ती त्या दिवशी वापरून काम फत्ते केलं, हे ते सांगत नाही. एकदाच्या यशासाठी ‘आय वॉज एबल टू कॅच द बस’ किंवा ‘आय मॅनेज्ड टू कॅच द बस’. ‘लहानपणी विहिरीत सूर मारता यायचा’ हे मात्र ‘कुड’, कारण ती कायमची क्षमता. नकारात भेद मिटतो : ‘आय कुडंट कॅच द बस’ बिनघोर लिहा.

प्रश्न : ‘मस्ट हॅव’, ‘शुड हॅव’, ‘माइट हॅव’ यांत फरक काय? (बी.ए. दुसरं वर्ष, किनवट)

उत्तर : ‘बस गेली असेल’ हे एकच मराठी वाक्य घ्या. घड्याळ बघून खात्रीने म्हणत असाल तर ‘द बस मस्ट हॅव लेफ्ट’. नुसता अंदाज असेल तर ‘माइट हॅव लेफ्ट’ किंवा ‘मे हॅव लेफ्ट’. ‘छे, इतक्यात कशी जाईल’ असं असेल तर ‘कान्ट हॅव लेफ्ट’. तिथे ‘मस्ट नॉट हॅव’ सहसा येत नाही.

‘शुड हॅव’ या रांगेत नाही, तो उपदेश आहे, आणि उशिरा आलेला. ‘तू फोन करायला पाहिजे होतास’ म्हणजे ‘यू शुड हॅव कॉल्ड’, फोन केलेला नाही. इथे ‘पाहिजे’ बघून ‘यू मस्ट हॅव कॉल्ड’ लिहिलं तर अर्थ होतो ‘तू फोन केलाच असशील’, म्हणजे थेट उलटा. कर्ता कुणीही असो, मोडलनंतर ‘हॅव’च राहतं, ‘ही मस्ट हॅज’ कधीच नाही.

प्रश्न : वेरूळला पर्यटकांना माहिती सांगतो. इंग्रजी येतं, पण परदेशी पाहुण्यांना ते हुकूम दिल्यासारखं वाटतं का, अशी शंका येते. (खुलताबाद)

उत्तर : ‘यू हॅव टू रिमूव्ह शूज’ हे व्याकरणाने बरोबर, पण कानाला टोचतं. मराठीत आपण ‘काढा’मधल्या ‘आ’ने आणि आवाजाने आदर दाखवतो, इंग्रजीत ते काम ‘कुड’ आणि ‘वुड’ करतात. ‘कुड यू प्लीज टेक ऑफ युअर शूज हिअर?’ शिल्पांना हात लावू नका हे सांगायला ‘प्लीज डोंट टच द कार्विंग्ज’ पुरेसं आहे, तिथे फार मऊ होऊ नका.

माहिती सांगताना टेन्स सांभाळा. ‘द कैलास टेंपल हॅज बीन कार्व्ड इन द एट्थ सेंच्युरी’ नको, शतक संपलेलं आहे : ‘वॉज कार्व्ड.’ जागतिक वारसा यादीतलं स्थान मात्र आजही आहे, म्हणून ‘एलोरा हॅज बीन ऑन द वर्ल्ड हेरिटेज लिस्ट सिन्स १९८३.’ आणि बंद असण्याचा वार हा ठरलेला क्रम, त्याला सिंपल प्रेझेंट : ‘एलोरा इज क्लोज्ड ऑन ट्यूजडेज, अजंठा ऑन मंडेज.’